दिल्लीची रात्र आणि माणसाचा चेहरा

१९७६ च्या जानेवारीत माझी आई प्रथमच दिल्लीस आली. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास विजय चौकाच्या आसपास सरकारी इमारतींवर जी रोषणाई होते, ती पाहावयास आम्ही तिला एका संध्याकाळी घेऊन गेलो. थंडी कडाक्याची होती. नऊवारी लुगड्यावर तिने माझा लोकरी कोट चढविला होता आणि त्याची तिला विलक्षण लाज वाटत होती. कचेरीतल्या एका स्नेह्याकडून मी आगफा क्लिक कॅमेरा आणि फ्लॅश उसना आणला होता. आईला मधोमध उभी केली; तिच्या मागे सचिवालयाच्या दोन्ही इमारती दिव्यांच्या ओळींनी रेखून काढल्यासारख्या दिसत होत्या. बटण दाबले, लखकन उजेड पडला, आईने डोळे मिटले नाहीत एवढ्यानेच मला कृतकृत्य वाटले. रोल धुऊन आल्यावर त्यातील तो फोटो मी कराडला तीर्थरूपांकडे पाठविला. आठ-दहा दिवसांनी त्यांचे कार्ड आले. अनेक आशीर्वादानंतर मजकूर एवढाच होता: फोटो पावला. तुझी आई उत्तम आली आहे. दिल्ली कोठे आहे?

प्रश्न रास्त होता. आईचा चेहरा, कोटाच्या गुंड्या, हातातली पिशवी, सर्व काही स्वच्छ दिसत होते; मागे मात्र डांबरासारखा काळोख. तो फोटो कराडच्या आमच्या परसात काढला असता तरी तसाच आला असता. त्या वेळी आम्ही ही गोष्ट हसण्यावारी नेली. नोकरी संपवून नोएडाला स्थायिक झाल्यावर, हाताशी वेळ आला तेव्हा, हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा पुष्कळ जुना आहे असे ध्यानात आले. रात्रीच्या वेळी माणसाचा चेहरा आणि त्याच्या मागचे शहर ही दोन्ही एकाच चौकटीत कशी आणावीत, आणि दोहोंपैकी एकाला सोडावेच लागले तर कोणाला सोडावे, याचा निकाल दिल्लीत निदान तीन-साडेतीनशे वर्षे निरनिराळ्या रीतीने लागत आलेला आहे.

आरंभ अर्थातच चित्रकारांनी केला. शहाजहानच्या पदरी पायाग नावाचा एक चित्रकार होता. मेणबत्तीच्या किंवा शेकोटीच्या उजेडात बसलेली माणसे काढण्यात त्याचा हातखंडा होता. युरोपातून मोगल दरबारात आलेली चित्रे त्याने डोळसपणे पाहिली असावीत. कारण त्याच्या चित्रांत उजेड ज्या बाजूने येतो तीच गालाची बाजू उजळते आणि दुसरी अंधारात राहते. पुढे मोहम्मदशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१९ ते १७४८ या काळात, दिल्लीत रात्रीच्या चित्रांची मोठीच आवड निर्माण झाली. निधामल, चितरमन यांच्यासारखे कसबी चित्रकार दरबारात होते. रात्रीच्या देखाव्यांसाठी पुढे नावाजलेला आणि मागाहून लखनौला गेलेला मीर कलानखान याच दिल्लीतून गेला. गच्चीवर बैठक मांडलेली आहे, कठड्यावर पणत्यांची रांग आहे, दूर नदीपलीकडे आतषबाजीची झाडे फुटत आहेत, अशी चित्रे त्या काळात किती तरी झाली. त्यांत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आकाश काळेभोर, झाडी काळसर हिरवी, आणि माणसांचे एकचश्मी चेहरे मात्र भर दुपारी पाहावेत तसे सारखे उजळ! पायागाने साधलेली छायाप्रकाशाची गंमत या मंडळींना ठाऊक नव्हती असे म्हणवत नाही. परंतु बादशहाच्या चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात ठेवणे बहुधा त्यांना शिष्टसंमत वाटले नसावे. चेहऱ्याला रात्र शिवू द्यायची नाही आणि मागच्या दिव्यांनाही उणे पडू द्यायचे नाही, असा दुहेरी हट्ट त्यांनी धरला. कुंचल्याला तो परवडतो. त्याला बाहेरच्या प्रकाशाची परवानगी लागत नाही.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. अठराव्या शतकात पेशव्यांची वकिली करणारे हिंगणे घराण्यातील पुरुष याच दिल्लीत राहत होते. आपणां बदलीच्या नोकरदारांचे ते पूर्वज म्हणावयास हरकत नाही. त्यांचे दफ्तर भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केले आहे. दरबारातील हालचाली, देण्याघेण्याचे व्यवहार, सैन्याच्या बातम्या हे सर्व ते पुण्यास इमाने-इतबारे कळवीत. शहराची वार्ता कागदावर गेली. पण वार्ता देणारा माणूस त्या शहरात रात्री कसा दिसत होता, हे त्यांच्या घरच्यांना कोणी दाखविले नाही.

कॅमेरा आला तेव्हा प्रकाशाच्या परवानगीचा प्रश्न उभा राहिला. १८५८ साली फेलिचे बेआतो याने बंडानंतरच्या उद्ध्वस्त दिल्लीची छायाचित्रे घेतली, ती भर उन्हात आणि तरीही बराच वेळ काच उघडी ठेवून. आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या मेरठ जिल्ह्यातील सरधना गावी १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ हे तर आपल्यासारखेच नोकरीनिमित्त परमुलखी गेलेले गृहस्थ. रुडकीला शिकून ते इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागले, तुकोजीराव होळकरांच्या आश्रयाने छायाचित्रणाकडे वळले, आणि १९०३ च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे घेण्यास एक नामांकित व्यावसायिक म्हणून परत आले. दिल्लीचा माणूस मराठी संस्थानात जाऊन नावारूपास आला, ही गोष्ट आपण उलट दिशेने आलेल्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण त्यांच्या वेळच्या काचांना सूर्य लागत असे. शहरात विजेची निर्मिती १९०५ साली जॉन फ्लेमिंग कंपनीने सुरू केली ती डिझेल यंत्रावर; तेव्हा रात्रीच्या दिल्लीजवळ स्वतःचा असा प्रकाशच फारसा नव्हता.

अंधारात छायाचित्र घेण्याचे दोनच मार्ग होते: एक, वाट पाहणे, दुसरा, प्रकाश बरोबर नेणे. वाट पाहणारांत लंडनचा पॉल मार्टिन आणि न्यूयॉर्कचा आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी १८९० नंतरच्या दशकात ओल्या रस्त्यांवर पडलेले दिव्यांचे प्रतिबिंब मोठ्या नजाकतीने टिपले. त्यांत शहर येते. माणूस मात्र येत नाही. शटर मिनिटभर उघडे असेल तर चालणारा माणूस काचेवर उमटण्याआधीच पुढे निघून जातो. पॅरिसच्या रात्रींवर १९३० नंतरच्या काळात पुस्तक काढून कीर्ती मिळविलेला ब्रासाई एक सिगारेट ओढून संपेपर्यंत शटर उघडे ठेवी, असे तो सांगत असे. पण तोच ब्रासाई गुत्त्यांत बसलेल्या माणसांचे चेहरे घ्यावयाचे झाले की मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत असे. ही भुकटी १८८७ साली जर्मनीत गेडिके आणि मीथे यांनी सिद्ध केली. तिच्या भडक्याने खोलीभर पांढरा धूर होई. १९३० च्या आसपास तिची जागा काचेच्या बल्बने घेतली: आत धातूचा वर्ख आणि प्राणवायू, एकदा पेटला की संपला, आणि हात भाजेल इतका तापलेला.

या बल्बचा धर्म समजून घेतल्याशिवाय तीर्थरूपांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रकाश जसजसा दूर जातो तसतसा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. दहा फुटांवर उभ्या असलेल्या माणसावर जेवढा उजेड पडतो त्याचा शंभरावा भाग शंभर फुटांवर पोचतो. सचिवालयाच्या घुमटापर्यंत तर काहीच पोचत नाही. घुमटाचे दिवे स्वतःच्या बळावर फिल्मवर उमटू शकतात, परंतु त्यांना वेळ हवा असतो. अर्धा सेकंद, एक सेकंद, कधी त्याहूनही अधिक. फ्लॅश लावून घेतलेले छायाचित्र सेकंदाच्या तीसाव्या-पन्नासाव्या भागात आटोपते. म्हणजे बरोबर नेलेला प्रकाश चेहरा वाचवितो आणि शहराला बोलण्यास सवडच देत नाही. माझ्या आईच्या मागची दिल्ली अशी गेली.

आता मी ज्या रात्रीकडे वळणार आहे ती कोणाही दिल्लीकराला सांगावी लागू नये. तथापि त्याआधी सेवाग्रामला थोडे जाऊन यावे लागेल.

गांधीजींना छायाचित्रे काढून घेणे आवडत नसे आणि फ्लॅश तर मुळीच नाही. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे चुलतनातू कनू गांधी यांनी वर्ध्याजवळच्या आश्रमात छायाचित्रे घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती तीन अटींवर मिळाली. फ्लॅश वापरावयाचा नाही. मला अमुक ठिकाणी बसा, असे करा, म्हणून सांगावयाचे नाही. आणि आश्रमाकडून पैसा मागावयाचा नाही. कॅमेऱ्यासाठी पैसे घनश्यामदास बिर्लांनी दिले. या अटींमुळे कनू गांधींच्या छायाचित्रांत पुष्कळदा अंधुकपणा आहे, काही ठिकाणी चेहरा सावलीत गेला आहे. पण झोपडीतला उजेड जसा होता तसा आहे. मला ती छायाचित्रे फार आवडतात. १९४६ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी गांधीजींचे चरख्याजवळचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्या वेळी त्यांना अंधाऱ्या खोलीत केवळ तीन बल्ब वापरण्याची मुभा मिळाली होती. दोन वाया गेले. तिसऱ्यावर ते चित्र साधले.

याच बाई ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत होत्या, आणि त्याच दिवशी काही तासांपूर्वी त्यांनी गांधीजींची मुलाखत घेतलेली होती. फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ हाही त्या दुपारी बिर्ला भवनात जाऊन गांधीजींना भेटला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आदल्या वर्षी भरलेल्या आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्याने त्यांना दाखविली. दोघेही बाहेर पडले. पाच वाजून सतरा मिनिटांनी गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही परत धावले.

बर्क-व्हाइट यांनी देह ठेवलेल्या खोलीत प्रवेश मिळविला. खोलीत मंद उजेड होता, लोक जमिनीवर बसून भजने म्हणत होते, रडत होते. त्यांनी कॅमेरा चालविला आणि फ्लॅशचा लोळ त्या खोलीत उठला. जे व्हावयाचे तेच झाले. शोकाने व्याकुळ झालेली माणसे संतापली, कॅमेरा हिसकावला गेला, आतील फिल्म काढून निकामी करण्यात आली आणि बाईंना बाहेर जावे लागले. त्यांच्या धैर्याविषयी मला आदर आहे. युद्धाच्या आघाड्यांवर त्यांनी ते पुरेपूर सिद्ध केलेले होते. आणि चेहरा दिसलाच पाहिजे, ही त्यांच्या व्यवसायाची गरजही खोटी नव्हती. पण ज्या माणसाने आयुष्यभर हा उजेड टाळला, त्याच्या निश्चल चेहऱ्यावर तो टाकला गेला, हे त्या खोलीतल्या माणसांना सहन झाले नाही. मी तेथे असतो तर मलाही झाले नसते.

बाहेर फाटकाशी गर्दी लोटली होती. पंडित नेहरू फाटकावर चढून लोकांना ती वार्ता सांगत होते. कार्तिए-ब्रेसाँजवळ छोटा लायका कॅमेरा होता. फ्लॅश तो वापरीतच नसे. जागेवर जो प्रकाश आहे त्याचा मान राखावा, असे त्याने पुढे १९५२ च्या आपल्या पुस्तकात लिहिलेही. त्या काळच्या फिल्मची शक्ती आजच्या मानाने फारच कमी. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात त्याने शटर दाबले. ते छायाचित्र आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. काळोखात माणसांची डोकी, त्यांच्यावर किंचित पुढे झुकलेले नेहरू, चौकटीत दिव्याचा एक झगझगीत गोळा, आणि सर्वांवर हललेल्या हातासारखी एक अस्पष्टता. नियमाने पाहिले तर चित्र बिघडलेले आहे. चेहरा नीट ओळखूही येत नाही. पण त्या रात्री अल्बुकर्क रोडवर कोणालाही काही नीट दिसत नव्हतेच. दिल्ली त्या चित्रात आहे, आणि ती मागच्या बाजूला नसून नेहरूंच्या अंगावर पडलेली आहे. रस्त्याच्या त्या दिव्याच्या रूपाने. त्याच रात्री आकाशवाणीवरून बोलताना नेहरूंनी आपल्या आयुष्यातला प्रकाश विझला असे म्हटले, आणि लगेच, आपण चुकीचे बोललो असे म्हणून ते विधान दुरुस्त केले. प्रकाशाविषयी त्या एका रात्रीत, त्या एका घराच्या आसपास, इतके काही घडले आहे.

येथे फ्लॅशवर अन्याय होण्याचा संभव आहे, म्हणून दुसरी बाजू सांगितली पाहिजे. होमाई व्यारावाला या १९१३ साली नवसारीस जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि १९४२ साली ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात नोकरी धरून दिल्लीस आल्या. साडी नेसून, जड कॅमेरा व बल्ब घेऊन, सायकलवरून त्या दिल्लीभर हिंडत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे आणि त्यानंतरच्या दोन दशकांचे जे चेहरे आपल्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांतील किती तरी त्यांच्यामुळे आहेत. मेजवान्या, भेटीगाठी, राजदूतांचे समारंभ ही सारी बंद दालनांतील आणि बहुधा रात्रीची कामे. तेथे कोणी सेवाग्रामच्या अटी पाळीत बसला असता तर आपणांस इतिहासाऐवजी सावल्या मिळाल्या असत्या. त्या ३० जानेवारीला त्याही प्रार्थनासभेस निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ म्हणून पतीने वाटेतून परत बोलाविले. ही चुकामूक त्यांना जन्मभर सलत राहिली. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा, आणि २०१२ साली बडोद्यास त्यांचे निधन झाले.

चेहरा आणि दिवे यांची तडजोड होऊ शकते, हे छायाचित्रकारांना पूर्वीपासून ठाऊक होते. शटर सेकंदभर उघडे ठेवावयाचे, कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावयाचा, आणि त्या सेकंदात एकदा फ्लॅश उडवावयाचा. फ्लॅशने चेहरा येतो, उरलेल्या वेळात दिवे येतात. अट एकच, समोरच्या माणसाने श्वास रोखून उभे राहिले पाहिजे, नाही तर त्याच्या कडेने भुतासारखी दुसरी आकृती उमटते. भिंगाचे तोंड मोठे उघडून जवळचा चेहरा रेखीव ठेवला तर मागचे दूरचे दिवे ठिपके न राहता वाटोळे, तरंगते गोळे होतात. हौशी मंडळींना हे गोळे भारीच प्रिय असतात. इंडिया गेटपाशी फोटो काढून देणाऱ्या धंदेवाइकांना या साऱ्याची शास्त्रीय नावे ठाऊक नसतील, पण गिऱ्हाइकाला दिव्याच्या खांबापासून किती पावलांवर उभे करावे हे ते अचूक सांगत. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या दिवसांत रंगीत फोटोतली सर्व माणसे कावीळ झाल्यासारखी येत. २०१५ नंतर शहरात पांढरे एलईडी दिवे सर्रास आले आणि त्या वर्षांच्या आगेमागे काढलेले फोटो केवळ रंगावरून ओळखता येऊ लागले. आमच्या घरचे अल्बम मी याच खुणेवरून लावले आहेत.

आता तर प्रश्नच मिटल्यासारखा दिसतो. २०१८-१९ पासून खिशातल्या फोनमध्ये रात्रीसाठी वेगळी सोय आली. फोन एकाच वेळी अनेक छायाचित्रे घेतो, हात हलल्याने त्यांत पडलेला फरक जुळवून घेतो, त्यांची बेरीज करतो आणि चेहरा ओळखून तेवढाच उजळतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या नातीने मला त्याच जागी, विजय चौकात, उभे केले. राजपथाचे नाव २०२२ पासून कर्तव्यपथ झाले आहे आणि रोषणाई आता बल्बच्या माळांची नसून रंग बदलणारी आहे. तिने फोटो दाखविला. माझा चेहरा सारखा उजळ, एकही सुरकुती अंधारात नाही. मागे घुमट, कमानी, दिवे, सारे लखलखीत. मोहम्मदशहाच्या चित्रकारांनी धरलेला दुहेरी हट्ट यंत्राने पुरविला होता. फोटो उत्तम आहे, तो कराडला पुतण्यांना गेला, दिल्ली कोठे असे कोणी विचारले नाही. फक्त त्या संध्याकाळी तेथे इतका उजेड नव्हता, हे मला माहीत आहे.

त्यानंतर मी आईचा तो जुना फोटो काढून पाहिला. तीर्थरूप १९८३ साली गेले, आई त्यानंतर सहा वर्षांनी. भिंगाखाली धरल्यावर तिच्या उजव्या खांद्याच्या थोडे वर, त्या डांबरी काळोखात, टाचणीच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका दिसला. पन्नास वर्षांत तो माझ्या नजरेस आला नव्हता. फोटो छापताना निगेटिव्हवर धूळ असली तर कागदावर असाच पांढरा ठिपका पडतो, म्हणून निगेटिव्ह शोधून काढली. सुदैवाने ती रोलच्या पाकिटातच होती. खिडकीच्या उजेडासमोर धरली. आईचा चेहरा काळा, कोट फिकट, मागचे आकाश जवळजवळ पारदर्शक, आणि त्यात खांद्याच्या वर तोच ठिपका, गडद काळा. धुळीचा ठिपका निगेटिव्हच्या आत असा काळा उमटत नाही, प्रकाशाचा उमटतो. रोषणाईतला एखादा जोरकस दिवा असेल, किंवा रस्त्याच्या कडेचा खांब.